लग्नाच्या लॉनसाठी राइड-ऑन मशीन: गिअरची घ्यावी का हायड्रोची?

राजेहो, बसून चालवायची गवत कापायची मशीन घ्यायची म्हटलं की दुकानदार आधी विचारते, जागा किती एकर. मी म्हणतो पहिला प्रश्न तो नाहीच. तुमच्या जागेत मशीनला किती वेळा थांबून मागं यावं लागते ते आधी बघा, गिअरची का ऑटोमॅटिक याचं उत्तर तिथंच भेटते.

मी काटोल रोडकडच्या एका लग्नाच्या लॉनचं काम पाहतो. दोन्ही टाइपच्या मशीन वापरल्या, दोन्ही ४२ इंची डेकच्या (डेक म्हणजे ब्लेडवरचं खालचं झाकण, तेवढीच कापायची रुंदी). आधीची हातानं गिअर टाकायची, आताची हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या जोरावर चालणारी, गिअर न टाकायची. नागपुरात एवढी लॉन झाली, कोराडी रोड, वर्धा रोड, अमरावती रोड, अन प्रत्येकाला हा प्रश्न पडून राहिला म्हणून सविस्तर लिहितो.

गिअरवाल्या मशीनमध्ये कारसारखं चालता चालता गिअर बदलणं नसते, निदान बहुतेक मशीनमध्ये तरी नाही. क्लच अन ब्रेकचा पेडल एकच. तो दाबला की चाकाकडे जाणारा पट्टा ढिला पडते, मशीन थांबते, मग दांडी सरकवायची, मग पेडल हळूहळू सोडायचा. ब्लेडचा पट्टा वेगळा असते म्हणून ब्लेड फिरतच राहते. मोकळ्या मैदानात हे काहीच जड नाही. ४२ इंच म्हणजे १०७ सेंटिमीटर, प्रत्येक पट्टीवर थोडं ओव्हरलॅप सोडलं तर मीटरभर रुंदी खरी कापल्या जाते, ताशी ५ किलोमीटरनं चाललं तर हिशोबानं तासाला ५००० चौरस मीटर, म्हणजे एकरापेक्षा जास्त (एकर ४०४७ चौरस मीटरचा). एक गिअर टाकला अन सरळ चालले, वेग एकसारखा, कटिंग पण एकसारखी.

पण लग्नाचं लॉन मोकळं कुठं असते? मधात कारंजं, बाजूला स्टेज, लाइटचे खांब, आंब्याची झाडं, फोटोसाठी केलेली कमान, जेवणाच्या बाजूचा फरशीचा रस्ता. प्रत्येक ठिकाणी थांबा, क्लच दाबा, रिव्हर्स टाका, मागं या, पुन्हा क्लच, पुन्हा पहिला. आमचे माळीकाका साठीच्या पुढचे आहेत, ते म्हणायचे, "दादा, गवत कापून नाही थकत मी, हा पेडल दाबून दाबून गुडघा गेला." अन खांबाजवळ माणूस अर्धा क्लच धरूनच मशीन रेंगाळवते, पट्टा तिथंच घासला जाते. तो पट्टा पंपाच्या पट्ट्यासारखा साधा नसते बरं, आत मजबूत दोर असते अन पाठीवरून पण पुली फिरते, म्हणून कॉटन मार्केटातून त्याच मापाचा साधा व्ही-बेल्ट आणून बसवला तर टिकत नाही.

हायड्रोमध्ये गिअरच नाही. इंजिन एक पंप फिरवते, तो तेल ढकलते, तेल मोटर फिरवते अन मोटर चाक. पेडल जितका दाबाल तितका वेग, मागच्यासाठी दुसरा पेडल किंवा त्याचंच दुसरं टोक. पाय उचलला की मशीन आपोआप मंदावते. सगळ्यात मोठा फायदा मला वाटते तो दाट गवतात. सप्टेंबरमध्ये पावसानं सिलेक्शन वन जातीचं लॉनचं गवत असं माजते का विचारू नका, तिथं वेग कमी करायचा पण ब्लेडचा आरपीएम, म्हणजे फिरायचा वेग, कमी नाही होऊ द्यायचा, नाहीतर गवत कापल्या जात नाही, फाटते, अन दोन दिवसांत टोकं पिवळी पडतात. हायड्रोत थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा रेस, पूर्ण ठेवून पाय थोडा हलका केला की झालं. गिअरमध्ये त्यासाठी थांबून गिअर कमी करावा लागते, अन माणूस कंटाळून थ्रॉटलच कमी करून टाकते. माळीकाका आता ती मशीन दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

आता हायड्रोची कमजोरी, अन ही नागपूरकरानं नीट वाचावी. तिचा शत्रू म्हणजे गरमी. तेल तापलं की पातळ होते, पातळ झालं की जोर कमी, चढावर मशीन दम तोडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, त्यात ट्रान्समिशनच्या (पंप अन मोटर असलेल्या डब्याच्या) वरचा छोटा पंखा अन थंड व्हायसाठीच्या धातूच्या पट्ट्या कापलेल्या गवतानं भरल्या असल्या तर थंड व्हायला जागाच नाही उरत. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातच्या आतच काम उरकायचं अन प्रत्येक वेळी मशीन थंड झाल्यावर ब्रशनं तो भाग साफ करायचा. घरगुती मॉडेलमध्ये टफ टॉर्क कंपनीचं के४६ किंवा तसंच हलकं ट्रान्समिशनचं युनिट येते, ते सीलबंद असते, तेल काढायला खाली बोल्टच नाही. बदलायचं असलं तर पूर्ण युनिट उतरवा, भरल्यावर आतली हवा काढा. हे येणारा मेकॅनिक तुमच्या जवळ आहे का ते घेण्याआधी विचारा, गिअरवाली मशीन मात्र कोणताही हुशार फिटर खोलून बसवते.

आणखी एक, बंद पडलेली हायड्रो मशीन ढकलायची असली तर मागची बायपासची दांडी ओढावी लागते, नाहीतर चाकं हलतच नाहीत. दांडी ओढली तरी मशीन गाडीला बांधून ओढत न्यायची नाही. हे माळ्याला पहिल्याच दिवशी दाखवा. अन लॉनवर रोलर ओढायचं काम हिच्याकडून करून घेऊ नका, हलक्या युनिटला ते झेपत नाही, त्यासाठी वेगळी सोय ठेवा.

दुकानात "ऑटोमॅटिक" हा शब्द ऐकून खुश होऊ नका. आम्हाला एका विक्रेत्यानं ऑटोमॅटिक म्हणून जी दाखवली ती सीव्हीटी निघाली, म्हणजे पट्टा अन रुंद-अरुंद होणाऱ्या पुली. वाईट नाही ती, पण हायड्रो पण नाही, पट्ट्याची झीज तिथं आहेच अन काही मशीनमध्ये पुढं-मागं करायला वेगळी दांडी असते, म्हणजे खांबापाशी पुन्हा तोच ताप. दुकानदाराला सरळ विचारायचं, हायड्रोस्टॅटिक आहे का सीव्हीटी, अन कॅटलॉगमध्ये दाखव.

पावसाळ्यात काळ्या मातीवर मात्र दोन्ही सारख्याच वाईट. २०० किलोच्या आसपासची मशीन अन वर माणूस, ओल्या मातीत चाकाचे चर पडतात अन ते वाळून कडक झाले की पाहुण्यांच्या खुर्च्या डुलतात. दोन दिवस उघाड पडल्याशिवाय आम्ही मशीन काढतच नाही, कडेकडेचं हातमशीननं घेतो.

तर शाळेचं मैदान, कंपनीचा मोकळा प्लॉट, हिंगण्याकडचं सपाट फार्महाउस, जिथं लांब सरळ पट्ट्या निघतात, तिथं गिअरवाली घ्या, पैसे वाचतील अन दुरुस्ती सोपी. झाडं, खांब, स्टेज असलेल्या लॉनला हायड्रोच, जास्तीचे पैसे लागले तरी. अन संत्र्याच्या बागेतलं गवत काढायला दोन्हीतली एकही नेऊ नका, ढेकळं अन दगड ब्लेडला लागले की शाफ्ट वाकते.

घेताना शोरूमच्या फरशीवर चालवून पाहू नका. तुमच्या लॉनवर डेमो मागा, माळ्यालाच बसवा अन कारंज्याभोवती मागं-पुढं करायला लावा. आमच्याकडे डेमोला आलेल्या माणसानं पहिले का-कू केली, पण जोर धरला तं आणली मशीन.