एसटीपीची एएमसी आणि सोबत मिळणारा दहा वर्षांचा तक्ता

जुळे सोलापूर, होटगी रोड भागातल्या सोसायट्यांच्या एसटीपीसाठी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटसाठी, एका स्थानिक कंत्राटदाराची ही सेवा. वार्षिक देखभाल करार (एएमसी), आणि कोणता भाग कधी बदलायचा याचा दहा वर्षांचा तक्ता. प्लांट १०० केएलडीचा (दिवसाला १०० हजार लिटर), एमबीबीआर पद्धतीचा (टाकीत तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर, म्हणजे मिडियावर, जिवाणू वाढवून पाणी शुद्ध करणारा), टाकीत हवा सोडायला दोन ट्विन लोब ब्लोअर. पाचपैकी साडेतीन गुण.

रोजचं काम चोख आहे. बेल्टचा ताण, एअर फिल्टर, सँड फिल्टरचा बॅकवॉश (उलट्या दिशेनं पाणी सोडून धुणं), जंतुनाशक हायपोचा डोस, सगळं लॉगबुकात. दर १२ तासांनी ब्लोअर आलटून-पालटून चालवतात, हे तर खास. पुष्कळ ठिकाणी राखीव ब्लोअर शोभेचा असतो आणि गरज पडते त्या दिवशी जाम निघतो.

गुण गेले ते तक्त्यात. तिथं सगळं वर्षांत मोजलंय : ब्लोअर ओव्हरहॉल, पाचवं वर्ष. पण एकटाच चालणारा ब्लोअर वर्षाला ८,७६० तास काढतो, पाळीनं चालणारा त्याच्या निम्मे. तेल, बेअरिंग, टायमिंग गिअर यांचं वय तासांवर ठरतं. पॅनेलवर प्रत्येक ब्लोअरला आणि पंपाला अवर मीटर बसवून घ्या आणि तक्ता तासांत लिहून मागा.

सोलापूरचा उन्हाळाही तक्त्यात कुठे दिसत नाही. ०.५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाला हवा सुमारे ५० अंशांनी तापते. बाहेर ४३ अंश असताना ब्लोअरमधून निघणारी हवा नव्वदीच्या पुढे जाते. पीव्हीसी ६० अंशांनंतर मऊ पडायला लागतो. म्हणून ब्लोअरपासून टाकीत उतरेपर्यंत पाइप लोखंडी हवा. पैसे वाचवायला तिथं पीव्हीसी घातला असेल, तर तो तक्त्यात पहिल्याच वर्षी बदलायला धरावा. ब्लोअर-रूमला एक्झॉस्ट फॅन नसेल तर तोही बसवायला धरावा.

खरी मेख पाण्याखाली आहे. टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्युझरचं ईपीडीएम मेम्ब्रेन (बारीक छिद्रांचा रबरी पडदा) तक्त्यात 'सात वर्षे' आहे. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत त्यावर चुन्याचा थर बसतो, स्वयंपाकघरातलं तेल आलं तर रबर खराब होतं; मग सात वर्षांचा भरवसा नाही. प्रेशर गेज आधीच बोलतो. टाकीत ४ मीटर पाणी असेल तर त्या पाण्याचाच दाब ०.४ किलो. नव्या मेम्ब्रेनवर काटा ०.४५ला असेल आणि हळूहळू ०.५२कडे सरकत असेल, तर छिद्रं बुजताहेत. मोटरचे अँपिअरही वाढलेले दिसतील. उलट काटा खाली आला आणि एकाच जागी पाणी खदखदतंय, तर मेम्ब्रेन फाटलंय किंवा जोड निघालाय. आठवड्याला हा आकडा लिहिला की वर्षांचा अंदाज बांधावाच लागत नाही.

डिफ्युझर तळाशी पक्के बसवलेले असतील तर बदलायला टाकी उपसावी लागते, आधी मिडिया काढून पोत्यांत भरावा लागतो. एकच टाकी असेल तर त्या दोन-तीन दिवसांचं सांडपाणी कुठं जाणार? करारात याबद्दल अवाक्षर नाही. टँकर, मिडिया काढणं-भरणं कोणाच्या खर्चानं, ते लिहून घ्या. पुढच्या खेपेला डिफ्युझर वर उचलता येणाऱ्या जाळीवर बसवा. गॅस मोजल्याशिवाय, हवा खेळवल्याशिवाय टाकीत माणूस उतरवू नये. सेप्टिक टाकी आणि गटारांच्या बाबतीत तर हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३चा कायदाच आडवा येतो.

'कॉम्प्रिहेन्सिव्ह' शब्दावर जाऊ नका. बारीक अक्षरात फिल्टरचा कार्बन, फिल्टरची वाळू आणि मोटर रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरची तार पुन्हा गुंडाळणं) वगळलेलं आहे. म्हणजे जे हमखास लागणार, तेच.

पैशाची बाजू त्यांनी बरी मांडलीय : प्रत्येक भागाची किंमत भागिले आयुष्य. समजा ब्लोअर दीड लाखाचा आणि १२ वर्षांचा, तर वर्षाला १२,५०० बाजूला. हे सोसायटीच्या सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी) निघेल असं मात्र गृहीत धरू नये. उपविधींप्रमाणे वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के जमा होतो तो अख्ख्या इमारतीसाठी. प्लांटचं खातं वेगळं ठेवा.

सुट्या भागांची यादी तक्त्यात नाहीच. सबमर्सिबल पंपाचं एक मेकॅनिकल सील (मोटरमध्ये पाणी शिरू न देणारं) आणि ब्लोअरच्या बेल्टचा एक संच ऑपरेटरच्या कपाटात आजपासूनच हवा. नळाला पाणी येतं त्या दिवशी घराघरांत धुणी निघतात, टाकी काठोकाठ भरते, आणि पंप बंद पडायचा तर नेमका तेव्हाच पडतो.