जुन्या कॅम्परसाठी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म: वायरवाला की सेलवाला?

आधी एक घोळ मिटवू. आमच्याकडे दुकानात ‘गॅस डिटेक्टर’ मागितला की बहुतेकदा एलपीजीचा हातात पडतो. तो सिलिंडरची गळती पकडतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. धुराचा अलार्मही या कामाचा नाही. या वायूला ना वास ना रंग, आणि डोकं दुखून मळमळायला लागलं की माणूस म्हणतो, ऊन लागलं असेल. तेव्हा खोक्यावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ किंवा ‘सीओ’ असं स्पष्ट छापलेलं असेल तरच पुढचं बोलणं.

माझी गाडी म्हणजे जुनी सतरा सीटर. सीटा काढून दोन बाक, एक ओटा, मागे छोटा सिलिंडर. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा हा वायू कमी सोडतं, पण जुन्या गाडीत सायलेन्सर गंजलेला असतो, मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) पॅकिंग गेलेली असते आणि वायरी-पाइप न्यायला पत्र्याला पाडलेली भोकं तशीच उघडी राहतात. मला वाटायचं, वाजलाच तर यातल्या एखाद्या कारणाने वाजेल.

वाजला तो भरताच्या निखाऱ्यांनी. डिसेंबरात तोरणमाळला काड्यांवर वांगी भाजली, जेवणं झाली, आणि थंडी अशी की शालकाने निखाऱ्यांचं घमेलं उचलून गाडीत ठेवलं नि दार ओढून घेतलं. धूर अजिबात नव्हता, म्हणून कुणाला काही वाटलंही नाही. डिटेक्टरच्या पडद्यावर ४० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ४० भाग) आलं, मग ६५, मग ११०. पाव-एक तासाने कर्कश आवाज सुरू झाला. “कायले वाजी ऱ्हायनं ते?” म्हणत हा पठ्ठ्या सेल काढायला उठला! आधी घमेलं बाहेर गेलं, मग दारं-खिडक्या उघडल्या.

आता निवड. गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या वायरवाल्या यंत्राची हीच पहिली जमेची बाजू: झोपेत उठून कुणी सेल काढू शकत नाही, आणि सेल संपले म्हणून ते मुकं होत नाही. त्यातली बरीच मॉडेल्स एलपीजी आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही ओळखतात. अडचण बॅटरीची आहे. एलपीजीचा सेन्सर सतत तापता ठेवावा लागतो. फक्त ०.१ अँपिअर धरला तरी दिवसाला २.४ अँपिअर-अवर गेले. आठवडाभर गाडी उभी राहिली तर जवळपास १७. जुन्या बॅटरीला हे जड जातं. मग माणूस मध्ये स्विच टाकतो, आणि नेमका मुक्कामाच्या रात्री तो बंद राहतो. शिवाय एलपीजी जड, खाली साचतो, म्हणून हे यंत्र घोट्याच्या उंचीला बसवतात. कार्बन मोनॉक्साइड हवेत सगळीकडे मिसळतो, त्यामुळे ती जागा चूक नाही. पण आपल्या गाडीत तिथेच वळकटी आणि पाण्याचा कॅन येऊन बसतो.

सेलवाल्यात इलेक्ट्रोकेमिकल, म्हणजे आत रासायनिक द्रावण असलेला सेन्सर असतो. त्याला वीज अगदी कमी लागते, पेन्सिल सेलवर महिनोन्‌महिने चालतो. उशीच्या उंचीला, शेगडीपासून लांब टांगायचा. पडद्याचाच घ्या, आणि रात्रीतला सर्वात मोठा आकडा लक्षात ठेवणारा मिळाला तर सोडू नका.

मानकाचा शिक्का बघताना युरोपचा ईएन ५०२९१ आणि अमेरिकेचा यूएल २०३४ यांतला फरक ध्यानात घ्या. ईएनवाला ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांत वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला ३ मिनिटांच्या आत. यूएलवाला ७० ला १ ते ४ तासांत. एवढ्याशा पत्र्याच्या खोलीत झोपायचं तर मी लवकर वाजणारा घेईन. ईएनचा दुसरा भाग, ५०२९१-२, खास कॅराव्हॅन आणि बोटींसाठी आहे.

हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाले एमक्यू-७ नावाचं सुटं सेन्सर मॉड्यूल सुचवतात. त्याला ६० सेकंद ५ व्होल्ट, मग ९० सेकंद १.४ व्होल्ट असं आलटून पालटून द्यावं लागतं, वर कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येईल असं जुळवणं. शिकायला छान, झोपायला नाही.

पण आपल्या भागात निकाल लावतो तो उन्हाळा. जळगाव-भुसावळचा मे ४५ अंशांना टेकतो, आणि उन्हात बंद करून उभी केलेली गाडी म्हणजे भट्टीच. घरगुती मॉडेलवर कमाल मर्यादा पुष्कळदा ४० च्या आसपास लिहिलेली असते. सेन्सरमधलं द्रावण उष्णतेने सुकत जातं. यंत्र दिसायला धडधाकट, आतून निकामी. टेस्टचं बटण दाबून हे कळत नाही, कारण बहुतेक यंत्रांत ते फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं. वायरवाला भिंतीला स्क्रूने बसलेला, तो गाडीबरोबर भाजणारच. सेलवाला काढून घरात आणता येतो. माझ्या दृष्टीने इथेच सेलवाला जिंकला.

वायरवाला घ्यायचाच, म्हणजे सिलिंडर आत आहे आणि सोलरवर बॅटरी भरलेली राहते, तर खास कॅम्परसाठीचा घ्या आणि लेबलवरचं तापमान वाचा. दोन्हींना लागू अशी गोष्ट म्हणजे बाकाखालची लेड-ॲसिड बॅटरी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि सेन्सर त्यालाही फसतो. तरी वाजला की आधी बाहेर पडायचं, बॅटरीवर संशय नंतर. तिची हवा बाहेर काढणारी नळी मात्र आधीच बसवून घ्या. आणि विकत घेताना पाठीवरची तारीख बघा. सेन्सरचं आयुष्य मॉडेलप्रमाणे ५ ते १० वर्षं, आणि दुकानात पडून राहिला तरी तो म्हातारा होतोच.

माझा डिटेक्टर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच गाडीतून घरात येतो. उन्हाळ्यात गाडी काढलीच तर चावीबरोबर तोही निघतो. दोघांची खुंटी एकच ठेवली आहे.