लिनक्सवर नवा युजर: स्वतःचा ग्रुप की सगळ्यांचा एकच?

ऑफिसातल्या लिनक्स मशीनवर पाच-सहा जणांची खाती उघडायची असतील, तर आधी एक गोष्ट ठरवा: प्रत्येकाचा प्राथमिक ग्रुप (त्याने बनवलेली फाइल एरवी ज्या ग्रुपची होते तो) कोणता?

डेबियन, उबुंटू आणि फेडोरावर 'लेखा' नावाचं खातं उघडलं की 'लेखा' नावाचाच ग्रुपही तयार होतो, सदस्य एकटा तोच. ओपनसुसेची जुनी रीत वेगळी: सगळे 'युजर्स' या एकाच ग्रुपात, क्रमांक 100. मॅकओएसवरही तसंच, तिथे सगळे 'स्टाफ', क्रमांक 20.

वरवर पाहिलं तर काय फरक पडतो? खरी गोम युमास्कमध्ये आहे, म्हणजे नव्या फाइलीवरच्या कोणत्या परवानग्या वगळायच्या हे ठरवणाऱ्या आकड्यात. युमास्क 022 असेल तर नवी फाइल 644 होते (तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप आणि इतर यांच्या परवानग्या; 6 म्हणजे वाचणं-लिहिणं, 4 म्हणजे फक्त वाचणं). ग्रुपमधल्यांना ती वाचता येते, बदलता येत नाही. समजा तुम्ही 'हिशेब' असा ग्रुप केला, त्याचं फोल्डर 2775 केलं, म्हणजे मालकाला आणि ग्रुपला आत सगळी मोकळीक (7). तो सुरुवातीचा 2 असल्यामुळे आत बनणारी प्रत्येक फाइल आपोआप 'हिशेब' ग्रुपची होते. तरीही 'लेखा'ने बनवलेली फाइल 'हिशेब'मधलाच दुसरा युजर 'विक्री' उघडतो, आकडा बदलतो आणि सेव्ह करताना अडतो. युमास्क 002 केला की फाइल 664 होते आणि अडचण सुटते.

पण सगळे एकाच 'युजर्स' ग्रुपात असताना 002 केलात, तर घरच्या फोल्डरमधल्या तुमच्या खासगी फाइलीही इतरांना लिहायला मोकळ्या होतात. मग होम फोल्डरलाच कुलूप लावत बसा. स्वतःचा ग्रुप असेल तर ही भीती नाही, कारण त्यात दुसरं कोणी नाहीच. म्हणून फाइली वाटून काम करायचं असेल तर मी डोळे झाकून स्वतंत्र ग्रुप निवडेन. युमास्क मात्र तपासून घ्या, स्वतंत्र ग्रुप असूनही तो 022 असू शकतो. ग्रुपांची यादी लांबते ही तक्रार ऐकू येते. मला ती कधी टोचली नाही. घरी नवरा-बायको दोघंच वापरत असाल आणि फाइली वाटायच्या नसतील, तर आहे ते राहू द्या.

अधिकाराचा प्रश्न निराळा. अ‍ॅडमिनचं बळ प्राथमिक ग्रुपातून नाही, जोडग्रुपातून (प्राथमिकशिवाय खातं ज्यांत सामील असतं ते ग्रुप) येतं: उबुंटूवर 'सुडो', फेडोरावर 'व्हील'. इथे मी एकदा हात भाजून घेतलाय. युजरमॉडला (खात्यात बदल करायची कमांड) मोठा जी (-G, जोडग्रुपांची यादी) दिला, पण सोबतचा छोटा ए (-a, जुन्या यादीत भर घाल) विसरलो. नवा ग्रुप जोडला गेला आणि जुने सगळे उडाले, सुडोसकट. लॉगआउट करून परत आल्यावर कळलं. मग रिकव्हरी मोडमध्ये जाऊन स्वतःला परत आत घ्यावं लागलं.