आत्याच्या घरचा ४४९ रुपयांचा वजनकाटा

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा. पांढरं प्लास्टिक, मधे गोल चकती, १० किलोपर्यंत वजन, १ ग्रॅमचा फरक दाखवतो. ऑनलाइन ४४९ रुपये, पेन्सिल सेल दोन. कंपनीचं नाव देत नाही, कारण हाच काटा मला चार नावांनी आणि चार किमतींना दिसला. चार महिने वापरून लिहितेय. केकबिक मी करत नाही. काटा घेतला तो गिरगावातल्या आत्याच्या मांजरीसाठी.

चिंगी चौदा वर्षांची. पावसाच्या तोंडावर ती पाणी फार प्यायला लागली आणि पाठीचा कणा हाताला टोचायला लागला. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, ३.४. किडनी, तिसरी पायरी. डॉक्टर म्हणाले, बरं होणारं नाही, पण सांभाळलंत तर बरेच दिवस काढेल. आणि दर रविवारी वजन करा. तोवर आमची पद्धत अशी, की शेजारच्या जिमवाल्या मुलाचा काटा मागून आणायचा, आत्याने आधी चिंगीला घेऊन उभं राहायचं, मग एकटीने, आणि वजाबाकी मी करायची. दर वेळी उत्तर वेगळं. चार किलोच्या जिवाचे दोनशे ग्रॅम गेले म्हणजे साठ किलोच्या बाईचे तीन किलो गेले. ते या वजाबाकीत कुठे सापडणार?

आल्या आल्या मिठाची १ किलोची पिशवी ठेवली. १००६. पिशवीचं प्लास्टिक धरलं तर खरंच बोलतोय. तीच पिशवी चकतीच्या कडेला सरकवली तर ९९८. आत एकच धातूची पट्टी असते, वजनाने ती केसभर वाकते आणि त्या वाकण्यावरून आकडा निघतो, म्हणून वजन मधोमध हवं. आणि खाली जमीन सपाट हवी. आत्याची शहाबादी फरशी कुठेच सपाट नाही. शेवटी मोरीच्या कट्ट्यावर जागा मिळाली.

आता तक्रारी. चिंगी काट्यावर बसत नाही, परातीत बसते. परात ठेवली की आकडा परातीखाली गडप. मग काट्यावर पालथा डबा, त्यावर परात, मग शून्याचं बटण, मग चिंगी. तिला उचलून आणेपर्यंत दोन मिनिटं झाली की काटा आपोआप बंद, पुन्हा पहिल्यापासून. शिवाय ती हलली की आकडा नाचतो, आणि आकडा धरून ठेवायचं बटण या काट्याला नाही. मी मोबाइलवर व्हिडिओ घेते आणि नंतर थांबवून थांबवून बघते. आकडा वेगळ्या पट्टीवर बाहेर ओढता येतो असे काटे मिळतात, थोडे महाग. मांजरासाठी घेत असाल तर तेच घ्या, माझ्यासारखा दीडदमडीचा विचार करू नका.

ज्यासाठी मी या काट्याला सगळं माफ केलं ते मात्र कुठल्याच जाहिरातीत नव्हतं. चिंगीला आठवड्यातून तीनदा कातडीखाली १०० मिली सलाईन द्यायचं असतं, घरीच. बाटली खुंटीला टांगायची, मानेवरची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, सुई आत. बाटली प्लास्टिकची, सलाईन उतरत गेलं की ती आत बसते आणि बाजूच्या रेघांवरून काही कळत नाही. आत्या म्हणायची ऐंशी गेलं, मी म्हणायची सव्वाशे. आता बाटली आधी काट्यावर ठेवतो आणि नंतरही. १०० मिली म्हणजे जवळजवळ १०० ग्रॅमच. प्रश्न मिटला. फक्त मांजरीचं वजन सलाईनच्या आधी करायचं, नाहीतर ते १०० ग्रॅम तिच्या नावावर जमा होतात आणि आत्या उगाच पेढे आणते.

आता बंड्यादादा. माझा चुलतभाऊ, ठाण्याला असतो. पाच वर्षांत गणपतीलासुद्धा न आलेला हा माणूस हल्ली दर रविवारी "चिंगी कशी आहे?" म्हणून येतो. आत्याला मूलबाळ नाही, खोली पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे भरून कायमच्या भाड्याने घेतलेली, आणि चाळीच्या पुनर्विकासाचं बोलणं चालू आहे. पागडीची खोली मृत्युपत्रात लिहून देता येत नाही, भाडेकरूजवळ राहणाऱ्या घरच्या माणसाचा हक्क आधी, हे त्याला कुणीतरी सांगितलंय. "आत्या, मी महिनाभर राहायला येऊ का? चिंगीला बघायला?" चिंगी त्याला बघून कपाटाखाली जाते. मी तरी कुठली साधू? माझा डोळा आत्याच्या बोरमाळेवर आहे, दहावीला असल्यापासून.

तर अशाच एका रविवारी, परात उतरवल्यावर आत्या म्हणाली, "काटा आहेच, तर कपाटातलंही मोजू." दादा सावरून बसला. नाकातली चमकी ठेवली, काटा शून्यावरच. अर्ध्या ग्रॅमखालचं त्याला दिसतच नाही. पाटल्यांची जोडी ४६ ग्रॅम. "चार तोळ्याच्या ना? मग सहा ग्रॅम जास्त कशा?" दादाचा चेहरा उजळला. आत्याने शाळेतल्या आवाजात सांगितलं, "तेव्हाचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, बंडू. दहाचा तुमच्या काळातला." गुणाकार मी मनातल्या मनात केला. पन्नास वर्षं घासून अर्ध्या ग्रॅमच्या आसपास झिजल्यात.

बोरमाळ ३१ ग्रॅम! तोळ्याचा भाव लाखाच्या वर, मी हिशेब करायला लागले. "फार खूश होऊ नकोस," आत्या म्हणाली, "मणी पोकळ आहेत, आत लाख भरलीय." म्हणजे मी लाखेचे लाख मोजत होते. काट्याची चूक नाही. तो वजन सांगतो, आत काय आहे ते सांगत नाही.

मग आत्याने एक पाटली बाजूला काढून रुमालात बांधली. चिंगीच्या तपासण्या, खाणं, सुया. दादा म्हणाला, "आत्या, मांजरीसाठी पाटली?" ती म्हणाली, "आधी तिचं होऊ दे. उरलं तर तुमचं."

पाटली विकायला मी बरोबर गेले. सराफाचा काटा काचेच्या पेटीत, वर सरकारी तपासणीचा शिक्का. त्यावर २३.१६०, आमच्या काट्यावर २३. त्या १६० मिलिग्रॅमची किंमत आमच्या आख्ख्या काट्याच्या तिपटीहून जास्त, म्हणून सोनं विकताना घरच्या काट्यावर जाऊ नका. पण ४४९ रुपयांत आणखी काय हवं?

पाचपैकी साडेतीन. अर्धा मी दोन मिनिटांत बंद होण्याबद्दल कापला, एक परातीखाली आकडा लपतो त्याबद्दल.

चिंगी या रविवारी ३ किलो ४१२, गेल्यापेक्षा १८ ग्रॅम वर. सलाईनच्या आधीचं वजन आहे. दादाला कळवलं. त्याने नुसते हात जोडलेले पाठवले.