सहा इंची डॉब्सोनियन : आठ महिने वापरल्यावर

गेल्या ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर घेतलेली सहा इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची, आरशाची) दुर्बीण परवा गच्चीवरून खाली आणली. आता दसऱ्यापर्यंत सुट्टी, म्हणून लिहायला बसलो.

आरसा १५० मिमी, नाभीय अंतर १२०० मिमी. सोबतच्या २५ आणि १० मिमीच्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगांतून) ४८ आणि १२० पट दिसतं. स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यावर ‘६७५ पट’ छापलेलं असतं, त्याला भुलू नका. पुण्यात आमच्या गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊन ओकत असतो. बार्लो (पट दुप्पट करणारं भिंग) लावून २४० पट केलं, तर त्या तापल्या हवेतून गुरू आधणातल्या बटाट्यासारखा हलत होता.

पहिली निराशा शनीने केली. दोष दुर्बिणीचा नाही. २०२५ साली त्याची कडी आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसत होती. नोव्हेंबरात तर वाटाण्यात सुई खुपसल्यासारखा दिसला. आईने डोळा लावला आणि म्हणाली, “कडं कुठाय?” जानेवारीत मिथुनेतल्या गुरूने भरपाई केली : दोन ठळक पट्टे, चार चंद्र, आणि रोज त्यांची वेगळी मांडणी. शेजारचे काका अजून विचारतात, चंद्रावरचा झेंडा दिसतो का. काका, पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून नाही दिसत.

माझी मूळ हौस फोटोंची, आणि तिथेच मी चुकलो. चंद्राची विवरं आयपीसला मोबाइल टेकवून झकास येतात. पण या दुर्बिणीला मोटर नाही; १२० पटीला ग्रह दोन मिनिटांच्या आत चौकटीतून निसटतो, दर वेळी हाताने ढकलायचं. मृगातल्या तेजोमेघाचा गुलाबी फोटो हवा, तर आकाशाबरोबर फिरणारी बैठक, म्हणजे इक्वेटोरियल माउंट लागतं, आणि चांगलं माउंटच माझ्या अख्ख्या दुर्बिणीपेक्षा महाग. (डोळ्यांना तो तेजोमेघ करडाच दिसतो, हेही आधी सांगून ठेवतो.) फोटोच काढायचे असतील, तर आहे तो कॅमेरा, साधी लेन्स आणि कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणारा छोटा ट्रॅकर इथून सुरुवात करा.

बघायचं असेल, तर मात्र हीच घ्या. मे महिन्यात नळी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घालून वेल्ह्याकडे गेलो. नरतुरंगातला ओमेगा तारकागुच्छ आपल्याकडे दक्षिणेला जेमतेम २४ अंश वर येतो, म्हणून डोंगर आड येणार नाही अशी जागा हुडकण्यातच तास गेला. ४८ पटीला पिठीसाखर सांडल्यागत दिसला. लंडनमधून तो क्षितिजावर येतच नाही, हे आठवून उगाच बरं वाटलं.

कुरकुर दोनच. बैठकीसकट वजन पंधरा-सोळा किलो, त्यामुळे लिफ्ट बंद असली की मी चंद्र खिडकीतूनच बघतो. आणि गाडीतून नेली की आरसे पुन्हा जुळवावे लागतात. पहिल्यांदा तासभर गेला, आता पाच मिनिटं. पावसाळ्यात आरशाला बुरशी धरू नये म्हणून दोन्ही झाकणं लावून, आत सिलिका जेल टाकून ठेवली आहे. थोडी धूळ दिसते, पण फडकं लावलेलं नाही.