बोर्दो आधी की बर्गंडी?

फ्रान्समधल्या या दोन वाइन प्रदेशांपैकी आधी कोणता शिकायचा, वाइनचा कोर्स करणारे बरेच जण इथेच अडतात. पाठांतराला बोर्दो सोपं, १८५५ ची दर्जाची यादी शातोंची, म्हणजे वाइन बनवणाऱ्या इस्टेटींची आहे, पहिल्या दर्जाची पाच लाल वाइनवाली पाठ झाली की पाया पक्का, आणि १९७३ ला मुतों रोथशिल्ड हे शातो दुसऱ्या दर्जातून पहिल्यात चढलं तो एकच मोठा बदल. बोर्दोतल्याच सेंत-एमिलियों भागाची यादी मात्र अधूनमधून नव्याने होते, २०२२ ला झाली.

बर्गंडीत दर्जा जमिनीला. ३३ ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाचे मळे, खाली शेकडो प्रीमिए क्रू, त्यात क्लो द वूजोसारख्या साधारण ५० हेक्टरच्या एकाच मळ्याचे डझनांनी मालक, म्हणजे ग्राँ क्रू लिहिलेलं असलं तरी उत्पादक बघावाच लागतो. मेहनत प्रचंड, पण नकाशा समोर ठेवून शिकलात तर विसरणार नाही, उतारावरची जागा बघून दर्जा कळायला लागतो, आणि ही मजा बोर्दोत नाही.

परीक्षा तोंडावर असेल तर बोर्दो घ्या. वेळ आहे, मातीची ओढ आहे, त्यांनी बर्गंडीच.