लाकडी वेटेड बुद्धिबळ सेट : थंडी, उन्हाळा, पावसाळा तिन्ही काढल्यावर

मागच्या दिवाळीत बोनस हातात आल्या आल्या हा सेट मागवला, आता गणपतीही होऊन गेले, म्हणजे सांगलीतले तिन्ही ऋतू त्याने आमच्या घरात काढलेत, तर आता लिहायला हरकत नाही. शिसम आणि बॉक्सवूडचा आहे, राजा पावणेचार इंची म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटर, आत वजन भरलेलं, बुडाला हिरवं फेल्ट, म्हणजे मऊ लोकरी कापड. पट वेगळा घेतला, व्हिनाइलचा, गुंडाळून ठेवायचा, सव्वादोन इंची घरांचा. सोंगट्या आणि पट एकमेकांना जुळतात का बघायची सोपी पद्धत म्हणजे एका घरात चार प्यादी ठेवून बघायची, दाटीवाटीने बरोबर बसली की माप जमलं. माझी बसली.

आधी घोड्याबद्दल बोलतो कारण सेटची सगळी किंमत तिथेच कळते. बाकीच्या सोंगट्या लेथवर कातून निघतात पण घोडा हाताने कोरावा लागतो, आपल्याकडचे असे बरेच सेट अमृतसरला बनतात आणि तिथले चांगले कारागीर घोड्यावरच नाव कमावतात. माझ्या दोन पांढऱ्या घोड्यांपैकी एकाची आयाळ जरा खोल कोरलीय, दुसऱ्याचा जबडा थोडा पुढे आलाय, हातात घेतलं की न बघताही कळतं कुठला ते. मला हे फार आवडतं. ही घडण स्टाँटन नावाने ओळखतात, १८४९ पासून चालत आलीय आणि स्पर्धांमध्ये आजही हीच चालते, त्यामुळे घरी सराव केला आणि क्लबात पटावर बसलो तर नजरेला काही वेगळं वाटत नाही.

आता खरा अनुभव. आधी माझं बुद्धिबळ म्हणजे क्लबातली शनिवारची संध्याकाळ आणि रोज रात्री मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे डाव, एक हरलं की लगेच दुसरा, झोपताना एकही आठवायचा नाही. सेट आला आणि हॉलमधल्या टीपॉयवर मांडून ठेवला, तेव्हापासून खेळ दिवसभर घरात असतो. सकाळी चहा घेताना एक खेळी, ऑफिसातून आल्यावर बूट काढता काढता दुसरी, क्लबातली स्कोअरशीट, म्हणजे खेळ्या लिहिलेला कागद, घरी आणून तो डाव निवांत पुन्हा मांडायचा, वजनदार सोंगटी उचलून ठेवताना हात आपोआप सावकाश होतो आणि डोकंही.

एक उदाहरण देतो. रेटी नावाच्या बुद्धिबळपटूची १९२१ ची रचना, म्हणजे पटावरचं कोडं आहे, पटावर चारच सोंगट्या (पटाचे उभे पट्टे ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८). पांढरा राजा एच८ वर आणि प्यादं सी६ वर, काळा राजा ए६ वर आणि प्यादं एच५ वर, खेळी पांढऱ्याची. बघताक्षणी वाटतं पांढरा संपला, काळं प्यादं पुढे पळालंय, राजाला ते गाठता येत नाही आणि स्वतःचं प्यादं काळ्या राजाच्या तोंडाशी. पण राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका चालत येतो, एकाच वेळी त्या प्याद्याच्याही जवळ जातो आणि आपल्या प्याद्याच्याही, काळ्याला दोन्हीकडे पुरं पडत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. उत्तर मोबाईलवर दोन सेकंदात दिसतं. मी ते मुद्दाम बघितलं नाही, पट तसाच मांडून ठेवला, जाता येता बघत राहिलो, आणि एका संध्याकाळी तो तिरका रस्ता आपला आपण दिसला तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही, बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलवून दाखवलं.

पट मांडलेला दिसला की माणसं बसतात हे दुसरं. वरच्या मजल्यावरचे आजोबा देशी पद्धतीने खेळलेले, प्यादं पहिल्यांदाही एकच घर जाणार आणि शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. "काय ओ, येताय का एक डाव?" म्हणत येतात, आम्ही एक डाव त्यांच्या नियमाने खेळतो आणि एक आपल्या. माझी धाकटी मुलगी, दिव्या देशमुखने २०२५ चा महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून पेटलीय, तिला मी सांगतो की अगं, आपल्या सांगलीच्या भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या होत्या, स्वाती घाटे इथल्याच, भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने या गावात खेळ रुजवला. मोठं नाव नसलेल्या माझ्यासारख्या खेळाडूलाही या गावात पटावर समोर बसायला कोणीतरी मिळतंच, हे सुख फार कमी गावांना आहे.

तक्रारी पण आहेत. जुलैत कृष्णेचं पाणी वाढलं आणि हवा ओलीचिंब झाली तेव्हा दोन प्याद्यांचं फेल्ट सुटलं, फेविकॉलने चिकटवलं, बसलं. विकणाऱ्याला मेल केला, उत्तर आलंच नाही. एप्रिलच्या उन्हात एका काळ्या हत्तीच्या बुडाशी केसाएवढी चीर पडली, वाढली नाही, पण खिडकीजवळ ठेवू नका. पट व्हिनाइलचा घेतला ते बरं झालं, लाकडी पट आमच्या पावसात वाकतो असं क्लबातल्या दोघातिघांकडून ऐकलंय. आणि भडंग खाताना पटाजवळ कोणाला येऊ देऊ नका, तेल-हळदीचा हात बॉक्सवूडला लागला की डाग पक्का, पांढऱ्या उंटावर अजून एक पिवळा ठिपका आहे.

क्लबात न्यायला मात्र हा सेट नाही, जड होतो, तिथे प्लॅस्टिकचा वेटेडच बरा आणि पडला तरी काळजी नाही. घरी ठेवायला घेणार असाल तर डोळे झाकून घ्या, फक्त दोन जादा वजीर असलेलाच मागवा. नसले तर प्यादं आठव्या घरात गेल्यावर वजीर म्हणून उलटा हत्ती ठेवायची सवय लागते, आणि स्पर्धेत उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच धरतात.